स्पर्धा जवळ आली की मोठी उडी का काढतात? मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघाचं गणित

राष्ट्रीय स्पर्धा पंधरा-वीस दिवसांवर आली की जिम्नॅस्टिक्सचे सर असं काही करतात की मुलीच्या घरचे चक्रावून जातात. वर्षभर घाम गाळून बसवलेली सगळ्यात भारी उडी ते तिच्या रूटीनमधून, म्हणजे सलग करून दाखवायच्या ठरलेल्या कसरतींतून, काढून टाकतात. जळगाव असो, धुळे असो की शहादा, पालकांचा प्रश्न एकच असतो: "दाखवायची वेळ आली, आणि आताच काढली?" प्रश्न रास्त आहे. या खेळात गुण कसे पडतात ते कळलं की उत्तर सापडतं, आणि टीव्हीवरचं ऑलिम्पिक बघतानाही पडद्यावरचे आकडे बोलायला लागतात.

आधी संघाबद्दल. आपल्याकडे कॉलेजची मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत उतरते ती विद्यापीठाच्या नावाने. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवड होते, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या मुली कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा टी-शर्ट घालून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. म्हणजे कालपर्यंत एकमेकींच्या विरुद्ध असलेल्या मुलींना काही आठवड्यांत एक संघ व्हायचं असतं. कबड्डीत किंवा खो-खोत हे खेळता खेळता होतं. इथे मैदानात एका वेळी एकटीच असते. बाकीच्या बाजूला बसून टाळ्या वाजवतात आणि मनातल्या मनात बेरीज करतात.

मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये साधनं चार. टेबल व्हॉल्टवर जास्तीत जास्त पंचवीस मीटर धावत यायचं आणि स्प्रिंगबोर्डवरून टेबलावर हात टेकून उडायचं. सगळा खेळ काही सेकंदांचा. अनइव्हन बारवर एक दांडा खाली, एक वर. बॅलन्सिंग बीम ५ मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि १० सेंटिमीटर रुंद. या दहा सेंटिमीटरवर कोलांट्या, उड्या, गिरक्या, सगळं ९० सेकंदांच्या आत. फ्लोअर एक्सरसाइज १२ बाय १२ मीटरच्या चौकोनात, तीही ९० सेकंदांची, संगीतावर. संगीतात शब्द चालत नाहीत. त्यामुळे लग्नात वाजणारं अहिराणी गाणं जसंच्या तसं लावता येणार नाही, पण शब्द काढून नुसती पावरी आणि ढोल ठेवला तर नियम आडवा येत नाही. हे कुणीतरी करून बघावं अशी माझी जुनी इच्छा आहे.

आता गुण. १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले, तेव्हा गुणफलकावर १.०० असं दिसलं. फलकाला १०.०० दाखवायची सोयच केलेली नव्हती. आजही अनेकांच्या डोक्यात जिम्नॅस्टिक्स म्हणजे 'दहापैकी किती' हेच आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये गुणांवरून मोठा वाद झाला आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने ही पद्धत मोडीत काढली. आता गुणांचे दोन वेगळे गठ्ठे असतात.

पहिला डी स्कोअर, म्हणजे तुम्ही केलंत ते किती अवघड होतं. प्रत्येक कौशल्याला एक अक्षर दिलेलं आहे: ए म्हणजे ०.१, बी म्हणजे ०.२, सी ०.३, असं पुढे चढत जातं. बार, बीम आणि फ्लोअरवर सगळ्यात अवघड आठ कौशल्यं मोजतात. शिवाय प्रत्येक साधनावर चार ठरलेल्या अटी असतात; प्रत्येक पूर्ण झाली की अर्धा गुण, मिळून दोन. काही कौशल्यं लागोपाठ जोडून केली तर थोडे वरचे. व्हॉल्टचं सोपं आहे: प्रत्येक उडीची किंमत पुस्तकात आधीच छापलेली असते.

दुसरा ई स्कोअर, म्हणजे केलंत ते किती स्वच्छ केलंत. हा दहापासून सुरू होतो आणि पंच फक्त कापत जातात. गुडघा जरा वाकला, पाय किंचित सुटले: ०.१. ठळक चूक: ०.३. मोठी: ०.५. पडलात: पूर्ण १.०. उतरताना छोटं पाऊल सरकलं तरी ०.१ गेलाच, मीटरभराची ढांग टाकली तर ०.३. पंच अनेक असतात, त्यातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा सोडून बाकीच्यांची सरासरी धरतात. डी आणि ई यांची बेरीज केली, फ्लोअरच्या रेषेबाहेर पाय जाणं किंवा वेळ ओलांडणं असले दंड वजा केले, की अंतिम गुण.

आता ती काढलेली उडी घ्या. समजा एका मुलीने फ्लोअरवर डबल बॅक बसवली, म्हणजे मागच्या बाजूने हवेत दोन पूर्ण कोलांट्या. ती 'डी' अक्षराची, ०.४ ची. ती काढून तिथे ०.२ चं साधं कौशल्य टाकलं तर ०.२ चा तोटा. पण फ्लोअरच्या चार अटींपैकी एक आहे दुहेरी कोलांटीची. ती अट सुटली तर आणखी ०.५ गेला. म्हणजे डबल बॅक नीट झाली तर साध्या उडीपेक्षा ०.७ जास्त. इथवर पालकांचं म्हणणं बरोबर.

पण ती 'नीट' म्हणजे कशी होते? नवीन बसवलेल्या डबल बॅकला मुलगी बहुतेक वेळा खाली बसत उतरते, छाती पुढे झुकलेली, आणि वर एक पाऊल. त्याचे साधारण ०.४ गेले. हाती उरले ०.३. आणि पडली तर? एक गुण थेट गेला. पाय आधी जमिनीला न लागता पडली तर उडीच धरत नाहीत, म्हणजे वरचे ०.७ ही नाहीत. थोडक्यात, साध्या उडीच्या मानाने जमली तर ०.३ चा फायदा, फसली तर १.० चा तोटा. दहापैकी चार वेळा पडणारी मुलगी सरासरीने ०.२ च्या आसपास गमावतेय. दहापैकी एकदाच पडणारी तेवढंच, जरा कमी, कमावतेय. बरोबरीची रेषा साधारण चारातून एकदा पडण्यापाशी येते. सरांच्या वहीत रोज ज्या रेघा ओढलेल्या असतात, जमली, जमली, पडली, जमली, त्या याच हिशेबासाठी. उडी काढायची की ठेवायची हे वही ठरवते. मुलीचा कल आणि सरांची हौस त्यानंतर.

आणि सरावात जे चारातून एकदा, ते स्पर्धेत चारातून एकदाच राहील याची हमी कुणी देऊ नये. अनोळखी हॉल, थंड हात, समोर पंच. आकडा बिघडतोच.

एकटीच्या स्पर्धेत हा जुगार कधी कधी खेळण्यासारखा असतो. दीपा कर्माकरचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने व्हॉल्टवर प्रोडुनोवा, म्हणजे टेबलावरून पुढच्या बाजूने दोन कोलांट्यांची उडी, मारली, ज्या उडीची काठिण्यपातळी तेव्हा ७.० होती आणि जी मारायला जगात बोटावर मोजण्याइतक्याच मुली धजावत. १५.०६६ गुण घेऊन ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० ने गेलं. त्रिपुरासारख्या राज्यातून, साधनांची वानवा असताना तिथवर जायला मोठ्या उडीशिवाय दुसरा रस्ता नव्हता. पण दीपा तिथे वैयक्तिक अंतिम फेरीत होती. तिच्या पडण्याने दुसऱ्या कुणाचं पदक जाणार नव्हतं.

संघाचं गणित वेगळं. किती जणी उतरणार आणि किती जणींचे गुण धरणार हे त्या त्या स्पर्धेच्या नियमात लिहिलेलं असतं. पॅरिस ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघी उतरायच्या आणि तिघींचेही गुण धरायचे; चुकीला जागाच नाही. बऱ्याच स्पर्धांत मात्र सर्वांत कमी पडलेल्या एकीचे गुण सोडून देतात. समजा पाच जणी उतरल्या आणि चौघींचे गुण धरायचे आहेत. बीमवर पडले ११.२, १०.९, १०.६, १०.३, आणि एक पडली म्हणून तिचे ९.४. सर्वांत कमी सोडा: बेरीज ४३.०. ती पडली नसती आणि तिला १०.४ मिळाले असते तरी बेरीज ४३.१ झाली असती. म्हणजे पहिलं पडणं संघाला जवळपास फुकट पडलं. पण आता १०.३ वालीही पडली आणि ९.३ वर आली, तर तो ९.३ सुटतो आणि आधी सोडलेला ९.४ उचलून घ्यावा लागतो. बेरीज ४२.१. पहिल्या चुकीचा दंड ०.१, दुसरीचा ०.९, आणि चूक दोघींची सारखीच!

म्हणूनच कोण कितव्या क्रमांकाला उतरणार यावर प्रशिक्षक इतका खल करतात. पहिली पाठवायची ती सहसा न पडणारी, भले तिचे गुण मध्यम असोत. ती नीट उतरली की पुढचींच्या खांद्यावरचं ओझं हलकं होतं. सगळ्यात अवघड रूटीनवाली शेवटी. आणि चौथी पडली असेल तर पाचवीला आयत्या वेळी बाजूला घेऊन "ती मोठी टाकू नकोस, साधी घे" असं सांगणारे सरही मी पाहिलेत. गॅलरीतून ते भित्रेपणाचं वाटतं. वरची बेरीज पुन्हा वाचली तर वाटणार नाही.

हा हिशेब सर्वांत उघडा दिसतो तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धेत. तिथे अजूनही जुनं दहापैकी दहा टिकून आहे. एका साधनावर सहा मुली उतरतात, पाच जणींचे गुण धरतात, चार साधनांचे मिळून २०० पैकी. पडलं तर तिथे अर्धा गुण जातो. २०२४ ला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने पहिल्यांदाच विजेतेपद घेतलं, १९८.२२५ गुणांनी. त्याच अंतिम फेरीत चौथा, म्हणजे शेवटचा, आलेला फ्लोरिडाचा संघ १९७.४३७५ वर होता. वीस रूटीनच्या गुणांची बेरीज, आणि पहिला आणि शेवटचा यांच्यात एक गुणसुद्धा नाही. मग हंगामभर पहिल्या क्रमांकावर असलेला ओक्लाहोमाचा संघ कुठे होता? उपांत्य फेरीत तो पहिल्याच साधनावर, व्हॉल्टवर, पडझड करून बसला आणि अंतिम फेरीपर्यंत पोचलाच नाही. पुढच्या वर्षी, २०२५ ला, विजेतेपद त्याच ओक्लाहोमाने नेलं.

आता तयारी. शेवटच्या महिन्यात नवीन शिकणं जवळपास थांबतं. आधी रूटीनचे तुकडे केले जातात: अर्धं रूटीन, शेवटचा भाग, नुसतं उतरणं. मग पूर्ण रूटीन सलग. फ्लोअरचं पूर्ण रूटीन करून बघितल्याशिवाय कळत नाही की शेवटच्या उडीपर्यंत मांड्यांत जीव उरतो की नाही. बहुतेक पडझड तिथेच होते. बीमवर पडलीस तर दहा सेकंदांत परत चढायचं, बारवर तीस सेकंदांत, हाही सराव घड्याळ लावून करावा लागतो. पडल्यावर रडत बसणं ही सवय सरावात मोडली नाही तर स्पर्धेत मोडत नाही.

खान्देशातली खरी अडचण साधनांची आहे. स्पर्धेतल्या फ्लोअरखाली स्प्रिंग आणि फोम असतो. तो पायाला उसळी देतो आणि उतरतानाचा धक्का पितो. उतरताना शरीराच्या वजनाच्या दहापटीपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, जोर घोट्यांवर येतो. शहाबादी फरशीवर मॅट टाकून डबल बॅकचा सराव करणं म्हणजे घोट्यांचा बळी देणं. अशा हॉलमध्ये शहाणे प्रशिक्षक उड्या मोजून घेतात, जाड गादीवर उतरवतात, आणि बीमचं निम्मं काम जमिनीवर चुन्याची किंवा टेपची दहा सेंटिमीटरची पट्टी आखून करून घेतात. मुलींपैकी काही जणी मल्लखांबातून आलेल्या असतात. त्यांचे हात आणि पोट तयार असतं, पण जमिनीवर उतरायची सवय वेगळी घडवावी लागते. मग स्पर्धेच्या गावी पोचल्यावर एकदम उसळता फ्लोअर मिळाला की उडी नेहमीपेक्षा उंच जाते आणि मुलगी उलट जास्त फिरून पाठीवर पडते. यावर उपाय एकच: स्पर्धेआधी कुठेतरी पूर्ण संच असलेल्या केंद्रावर चार-सहा दिवस सराव. या खर्चाला कात्री लावणारे नवीन ट्रॅकसूटवर मात्र सढळ हाताने खर्च करतात, हे बघून हसावं की रडावं कळत नाही.

व्हॉल्टला धाव मोजून ठरलेली असते, अमुक मीटरवरून, अमुक पायाने. मुली आपली खूण टेपने करतात आणि सोबत मापाची टेप ठेवतात. खडूची पांढरी पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, हाताचा घाम शोषते. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत सराव करताना ती किती लागते ते बारवर लटकलेल्यांनाच माहीत. स्पर्धा थंडीत उत्तरेकडे असेल तर उलटी गोष्ट: हात कोरडे, अंग आखडलेलं, वॉर्मअपला दुप्पट वेळ.

खाण्याबद्दल घरी सर्वांत जास्त गैरसमज असतात. "हलकी राहा" या सल्ल्याने मुली जेवण तोडतात. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असं चाललं की पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमजोर होतात, साध्या उडीत हाडाला बारीक तडे जातात. पाळी थांबणं हे मेहनतीचं लक्षण नाही. ते डॉक्टरकडे जायचं लक्षण आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळ, अंडी, दूध, आणि सरावाआधी केळी. केळ्यांसाठी तरी आपल्याला कुठे जावं लागत नाही. शेवभाजीवर ताव स्पर्धा संपल्यावर मारावा.

मनाचंही तेवढंच. हवेत फिरताना आपण कुठे आहोत याचं भान अचानक सुटतं, त्याला या खेळात 'ट्विस्टीज' म्हणतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर ठरलेल्या अडीच गिरक्यांऐवजी दीडच घेतली आणि मग ती स्पर्धेतून बाजूला झाली. जगातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टला जे होतं ते चोपड्याच्या मुलीला होणार नाही असं थोडंच आहे? "घाबरतेस काय" म्हणून ढकलू नये. अशा वेळी उडी सोपी करून पुन्हा पायरी पायरीने चढवावी.

घरच्यांचे उरलेले दोन आक्षेप पटकन. कपडे: नियमांनुसार घोट्यापर्यंतचा पूर्ण पोशाख चालतो, जर्मनीच्या मुली टोकियोत तसाच घालून उतरल्या होत्या. वय: "कॉलेजात गेली, आता कसल्या कोलांट्या? उलट्या उड्या मारीसन काय भेटी?" असं आजी म्हणते. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना एकेचाळीसाव्या वर्षी रिओत तीच प्रोडुनोवा मारायला उतरली होती, आणि सेहेचाळीसाव्या वर्षी टोकियोतही होती.

भुसावळहून गाडी धरून संघ पोचला, स्पर्धा सुरू झाली, फलकावर गुण लागले. आता संघासोबत गेलेल्या मॅडमचं एक काम असतं, जे बहुतेक संघ विसरतात. ई स्कोअरवर दाद मागता येत नाही, डी स्कोअरवर येते; पंचांनी एखादं कौशल्य धरलंच नाही असं वाटलं तर. पण वेळ फार कमी: पुढच्या मुलीचे गुण लागायच्या आत, आणि फेरीतली शेवटची मुलगी असेल तर एका मिनिटात. पॅरिसमध्ये २०२४ ला अमेरिकेची जॉर्डन चाइल्स फ्लोअरवर शेवटची होती. तिच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली, १३.६६६ चे १३.७६६ झाले आणि तिला कांस्य मिळालं. नंतर क्रीडा लवादाने ठरवलं की दाद चार सेकंद उशिरा मागितली गेली, आणि पदक रुमानियाच्या आना बार्बोसूकडे गेलं. वाद त्यानंतरही कोर्टात चालू राहिला. तेव्हा प्रत्येक मुलीचं रूटीन आणि त्याचा अपेक्षित डी स्कोअर आदल्या रात्रीच वहीत उतरवून ठेवलेला बरा. फलकावर ३.७ लागले आणि वहीत ४.२ असेल, तर मॅडमने खुर्चीवरून लगेच उठायचं.